पदवी आली, अर्थ लागेना

श्रुतपंचमीला आम्ही बायका जमलो होतो. ग्रंथांना नवी वेष्टनं झाली, पूजा झाली, आरती झाली. मग मी शेजारच्या पोरीला म्हटलं, "आता एक पान वाच बाळ, सगळ्या ऐकतील." पोरगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. पुस्तक मराठीतलं, अक्षर ठळक. तीन ओळींत चारदा अडली. शेवटी म्हणाली, "काकू, अक्षरं लागतात हो, अर्थ लागत नाही."

तिची आई लगेच बोलली, "कॉलेज आहे ना तिचं, वाचायला वेळ कुठला!"

पोरीचा मला राग आला नाही, या वाक्याचा आला. वाचायला वेळ मिळत नाही, मग कॉलेजात करतात तरी काय? गाइडमधले नेमके प्रश्न पाठ करतात, पेपरात उतरवतात, विसरतात.

ही एकाच घरची गोष्ट नव्हे. 'असर'नं २०२३ साली २८ जिल्ह्यांतल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना तपासलं. बहुतेकांची नावं शाळा-कॉलेजात होती. तरी चौघांमागे एकाला आपल्याच भाषेतला दुसरीचा उतारा नीट वाचता आला नाही. साधा भागाकार निम्म्याहून जास्तींना जमला नाही. हीच मुलं पुढं पदवीच्या वर्गात बसतात.

हुलसुरात यावर एक सबब तयार असते: "आपण सीमेवरचे. घरी मराठी, शाळेत कन्नड, कॉलेजात इंग्रजी. लेकरांनी करायचं काय?" अहो, १९४८ पर्यंत इथं निजामाचं राज्य होतं, कारभार उर्दूत चालायचा. तेव्हाचे व्यापारी वही मोडीत लिहीत, कचेरीत उर्दू चालवीत आणि गिऱ्हाइकाशी कन्नड बोलत. भाषा जास्त झाल्यानं कुणी अडाणी राहत नाही. एकही भाषा मनापासून न वाचल्यानं राहतो.

आपल्या समाजाला साक्षरतेचा मोठा अभिमान. २००१ च्या जनगणनेत जैनांची साक्षरता ९४.१ टक्के, देशात सगळ्यांत वर. बायकांची ९०.६. पण जनगणनेत साक्षर कोण? समजून वाचता-लिहिता येतं तो. आणि ते येतं की नाही, हे घरच्यांनीच सांगायचं. परीक्षा कुणी घेत नाही. 'समजून' हा शब्द आपण सोयीनं गिळला. पोरीची पदवी आपल्याला हवी ती बायोडाट्यात लिहायला. सत्कारात शाल देतो, टक्के वाचून दाखवतो. तिला वाचता येतं का, हे विचारायचं कुणाला सुचत नाही.

याची किंमत बाईच मोजते. २००५ च्या कायद्यानं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क दिला; तो आपल्यालाही लागू आहे. पण भाऊ हक्कसोडपत्र पुढं सरकवतो, आणि पदवीधर बहीण न वाचता सही करते. आजी अंगठा उठवायची, नात झोकात सही करते. दोघींनाही कागदात काय आहे ते ठाऊक नाही. मग शिकून मिळवलं काय?

श्रुतपंचमी आपण का पाळतो? माणसांची स्मरणशक्ती उणावू लागली, ज्ञान लोपेल अशी भीती धरसेनाचार्यांना वाटली. त्यांनी पुष्पदंत-भूतबलींना शिकवलं, त्या दोघांनी षट्खंडागम रचला. ऱ्हास ओळखून त्यांनी उपाय केला. आपण ग्रंथ वेष्टनात बांधतो आणि हात जोडतो. श्रावकाच्या सहा नित्यकर्मांत पूजा आहे तसा स्वाध्यायही आहे. एक धरलं आणि दुसरं सोडलं, हा कुठला धर्म?

म्हणून बायांनो, कॉलेजची वाट बघू नका. रोज रात्री दहा मिनिटं लेकीला मोठ्यानं वाचायला लावा. शास्त्र असो, पेपर असो, बँकेचा कागद असो. वाचून झालं की विचारा, "काय लिहिलंय, तुझ्या शब्दांत सांग." आपल्याला वाचता येत नसेल तर लाजू नका, तिच्याजवळ बसून ऐका. आणि पुढच्या वर्षी सत्काराची शाल देण्याआधी त्या पोरीच्या हातात एक पान द्या.