मेहमान फार, घर लहान

दुबईला नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याचा परवा फोन आला. "खाला, जुलैत आम्ही ग्रीसच्या सॅन्टोरिनी बेटावर जातोय. तुम्ही भूगोल शिकवता, काही सांगा ना." पाठोपाठ फोटोही आला. पांढरीशुभ्र घरं, निळे घुमट, खाली समुद्र. असा फोटो तुम्हीही कुठल्या ना कुठल्या कॅलेंडरवर पाहिला असेल.

मी म्हटलं, "बेटा, यात घरं दिसतात. घरवाले कुठे आहेत?"

सुमारे ३,६०० वर्षांपूर्वी इथे प्रचंड ज्वालामुखी फुटला. बेटाचा मधला भाग खचला आणि समुद्र आत आला. उरलेल्या कड्यावर, मऊ खडक कोरून लोकांनी घरं केली. ती गरिबाघरची घरं होती. १९५६च्या भूकंपात शेकडो घरं पडली आणि कितीतरी कुटुंबं बेट सोडून गेली. पुढे पर्यटक आले, हातात पैसा आला, हे खरं आहे. ते नाकारून चालणार नाही.

पण आता हिशोब बघा. बेटाची वस्ती साधारण १५,५००. वर्षाला येणारे पाहुणे ३० लाखांहून जास्त. एकेका दिवशी मोठ्या जहाजांतून हजारो माणसं उतरतात, ओइया गावच्या अरुंद गल्ल्यांत सूर्यास्तासाठी दाटी करतात आणि रात्री परत जातात. पाऊस कमी, म्हणून समुद्राचं पाणी गोडं करून प्यावं लागतं. छोटे टोमॅटो आणि पिवळी डाळ पिकवणाऱ्या जमिनीवर हॉटेलं उभी राहिली. खडकातली जुनी घरं पाहुण्यांच्या खोल्या झाल्या. बदली होऊन आलेल्या शिक्षकांना आणि डॉक्टरांना भाड्याने खोली मिळणं मुश्कील झालं आहे.

हे वाचून मी थांबले. मीही शिक्षिका. ज्या गावात शिक्षकाला राहायला जागा नाही, त्या गावातल्या मुलांनी शिकायचं कुणाकडे?

तिथल्या लोकांनी आवाज उठवल्यावर काही उपाय झाले. २०२५पासून जहाजाने येणाऱ्यांची संख्या दिवसाला ८,०००वर रोखण्याचं ठरलं. त्याच वर्षी जुलैपासून ऐन हंगामात प्रत्येक जहाजप्रवाशावर २० युरोचा करही लागला.

"मग जाऊ नको म्हणता?" भाच्याने विचारलं.

"जा. पण मेहमानासारखा जा. आपल्या दारात कुणी न विचारता येऊन फोटो काढले तर आवडेल का? तसंच त्यांचं. जुलै टाळ, ऑक्टोबरअखेर किंवा एप्रिलमध्ये जा. दोन-चार तासांसाठी उतरू नकोस, पिर्गोससारख्या आतल्या गावात तीन-चार दिवस राहा, गावातल्याच दुकानातून सामान घे. कुणाच्या गच्चीवर चढू नकोस. जुन्या बंदरापासून फिरा गावापर्यंत सुमारे ६०० पायऱ्या आहेत. उन्हात गाढवाच्या पाठीवर बसण्यापेक्षा रोपवेने जा. आणि नळ जपून उघड."

तो हसला. "खाला, तुम्ही तर वर्गच घेतलात."

घेतला खरा. आपल्या घरी मेहमान आला की आपण आपली खाट त्याला देतो, ती आनंदाने. पण मेहमानानेही घरवाल्याला निजायला जागा उरली आहे ना, हे बघायला हवं.

काल आपाचा फोन आला. म्हणाली, "काय सांगितलंस गं त्याला? तिकिटाच्या तारखा बदलत बसलाय."