रविवार फुल्ल आहेत!

माझा एक दोस्त दिघीत राहतो आणि चाकणच्या कंपनीत नोकरी करतो. पोराचा पहिला बर्थडे यंदा हॉटेलात नको, विशेष मुलांच्या एखाद्या संस्थेत करू, असं नवरा-बायकोनं ठरवलं. छान! साहेबांनी फोन लावला. पलीकडून ताई म्हणाल्या, ''दादा, पुढचे सगळे रविवार बुक आहेत. आणि खरं सांगू का, केक खूप होतात. मावशींच्या पगाराचं काही जमेल?''

दोस्त गप्प. मला म्हणाला, ''यार, पगाराला पैसे द्यायचे? त्याचा फोटो कसा काढणार?''

हसू नका, आपण सगळे असेच आहोत. तांदळाची पोती, कॉम्प्युटर, वॉटर प्युरिफायर देताना मस्त वाटतं. पण ज्या मुलाला स्वतः कुशीवर वळता येत नाही, त्याला रात्री दोनदा उठून वळवणारी, भरवणारी, डायपर बदलणारी मावशी असते. ती टिकली तर संस्था टिकते, आणि तिच्या पगारासाठी पाटी लावून देणगी कोणी देत नाही.

कंपन्यांचं काय? 2014पासून ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना आधीच्या 3 वर्षांच्या सरासरी नफ्यातले 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करावेच लागतात. आपल्या पट्ट्यात तर कंपन्यांना तोटा नाही! पण 2021च्या नियमांत असा एक प्रकल्प, सुरुवातीचं वर्ष सोडून, जास्तीत जास्त 3 वर्षांचाच. मूल मात्र प्रकल्प संपला म्हणून बरं होत नाही.

आणि ते मोठं होतं. अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकरांचं बालगृह आहे. स्टेशनवर, रस्त्यावर सोडून दिलेली 123 दिव्यांग मुलं त्यांनी आपली मानली. कित्येकांना आपलं आडनाव दिलं, काहींची लग्नंही लावून दिली. कायद्यानं 18 पूर्ण झाली की बालगृह सोडायचं. ज्याला बोलता येत नाही, घर नाही, त्यानं जायचं कुठं? बाबांनी मुलांना बाहेर काढलं नाही. अशा मुलांना आयुष्यभर संस्थेत राहू द्या, असा कायदा करा, ही मागणी ते वर्षानुवर्षं करताहेत. 2024मध्ये त्यांना 'पद्मश्री' जाहीर झाली, तेव्हाही त्यांच्या तोंडी हाच विषय होता.

तेव्हा देणगी देण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा: अठरानंतर मुलं कुठं जातात? टॅक्सचं म्हणाल, तर जुन्या पद्धतीत मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीच्या साधारण निम्म्या रकमेवर सूट मिळते (2000 रुपयांवरची रोख चालत नाही हं). नव्या पद्धतीत ती सूट नाही. म्हणजे पावतीसाठी देणाऱ्यांची पंचाईतच!

दोस्तानं बर्थडे शेवटी घरीच केला. दर महिन्याला 5 तारखेला त्याच्या खात्यातून 1000 रुपये आपोआप संस्थेकडे जातात. ताईंचा परवा मेसेज आला, 'मावशी दिवाळीत गावी जाऊन परत आल्या.'