फायनल येऊ दे, मग बघू

‘फायनल येऊ दे रे, मग बघू.’ नव्या ऑपरेटिंग सिस्टीमचा विषय काढा, मांजर्लीतल्या सोसायटीच्या गेटपासून हिंजवडीच्या कँटीनपर्यंत हेच उत्तर मिळतं. बोलणारा इंजिनीअर असेल तर वर शहाणपणाचा सूरही असतो. बीटा म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, आपण कामाची माणसं. मी स्वतः सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो, आणि मला हे वाक्य आळशीपणाचं वाटतं. मराठीपुरतं तर ते आत्मघातकी आहे.

आत्ताच हा वाद का काढतोय ते सांगतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा, म्हणजे २०१७ नंतरचा. आता बदलापूर पश्चिमेच्या कुठल्याही ‘झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’ अशी पाटी असलेल्या दुकानात डोकवा. टेबलाखालचा डबा बहुतेक त्याआधीचा, कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला. तो चालतो, फॉर्म भरतो, प्रिंट काढतो. त्याच्यात काही बिघडलेलं नाही, फक्त सुरक्षेचे अपडेट थांबलेत. वर्षभराची वाढीव मुदत मिळते, तीही १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते. आणि याच डब्यावर लोकांचे आधार नंबर टाइप होतात.

अशा मशीनसाठी एक सरळ पर्याय येतोय. उबुंटू २६.०४, टोपणनाव ‘रेझोल्युट रकून’. एलटीएस आवृत्ती आहे, म्हणजे पाच वर्षं मोफत अपडेट. मार्चअखेर बीटा, एप्रिलमध्ये फायनल. सगळे एप्रिलची वाट बघताहेत. मला वाट बघण्यातच खोट दिसते.

कारण फायनल म्हणजे काय, हे आपण नीट समजून घेत नाही. पिक्चर शुक्रवारी लागतो तशी ऑपरेटिंग सिस्टीम ‘लागत’ नाही. फायनलच्या कित्येक आठवडे आधी एकेक गोष्ट गोठवत नेतात. नवीन फीचर घेणं बंद, मग पडद्याची रचना बदलणं बंद, मग वाक्यं बदलणं बंद. शेवटी फक्त मोठे बिघाड दुरुस्त होतात, आणि मोठा बिघाड कोणता हे ठरतं तक्रारी आल्या त्यावरून. भाषांतर पुढेही थोडंफार अपडेटमधून येतं. पण इन्स्टॉलरमध्ये मराठी अर्धवट असेल, डीफॉल्ट फॉण्ट चुकीचा निवडला जात असेल, तर फायनलच्या दिवशी ते तसंच्या तसं हजारो पेनड्राइव्हवर जातं.

मराठीच्या तक्रारी काही किरकोळ नाहीत. आपल्याला ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ वेगळे लिहावे लागतात. ‘आचार्यांना’ बोलावलं आणि ‘आचाऱ्यांना’ बोलावलं यात पंगतीला फरक पडतो. हिंदीचं या अक्षराशी फारसं देणंघेणं नाही, त्यामुळे हिंदीवर तपासलेली देवनागरी ‘चालते’ असं धरलं जातं. ल आणि श आपण वेगळ्या वळणाचे काढतो; पडद्यावर हिंदी वळणाचे दिसले तर वाचता येतात, म्हणून कोणी बोलत नाही. ‘ॲ’ची गंमत तर अजून वेगळी. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधी लोक अ काढून त्यावर चंद्र ठेवायचे, अजूनही ठेवतात. दोन्ही दिसायला सारखे, पण युनिकोडने त्यांना समान ठरवलेलं नाही. म्हणून एका पद्धतीने ‘ॲफिडेव्हिट’ असं नाव देऊन ठेवलेली फाइल दुसऱ्या पद्धतीने शोधली तर सापडेलच असं नाही. गिऱ्हाईक समोर उभं, दुकानदार म्हणतो कॉम्प्युटर खराब झालाय. कॉम्प्युटर ठणठणीत असतो. हे कुणीतरी वेळेवर, योग्य ठिकाणी, चित्र जोडून कळवायला हवं होतं.

‘कळवून कोण ऐकतं?’ हा पुढचा शेरा. त्यावर एक जुनं प्रकरण सांगतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चं मोठं अपडेट फायनल म्हणून बाहेर पडलं आणि काही लोकांच्या फायलीच पुसल्या गेल्या. चार-पाच दिवसांत ते मागे घ्यावं लागलं, नोव्हेंबरच्या मध्यात पुन्हा आलं. आधीच्या चाचणीत काहींनी हाच बिघाड कळवला होता. पण त्या तक्रारींना पुरेशी मतं नव्हती, त्या ढिगात खाली राहिल्या. यातून ‘फायनल म्हणजे सुरक्षित’ हा समज तर फुटतोच. शिवाय हेही दिसतं की चार लोकांनी कळवलं तर ऐकू जात नाही, चारशे लागतात. मराठीत चारशे इंजिनीअर एका कर्जत लोकलमध्ये लटकत असतात.

एक आक्षेप मात्र खरा आहे. घरात एकच लॅपटॉप, त्यावरच नोकरी. त्यावर बीटा कोण टाकणार? टाकूच नका. उबुंटू पेनड्राइव्हवरून चालतं, हार्डडिस्कला हात न लावता. भाषांतराला तर तेवढंही लागत नाही, ब्राउझर पुरतो. उबुंटूचा पडदा ज्या नोमवर उभा आहे, त्याच्या भाषांतराच्या साइटचं नाव ‘डॅम्ड लाइज’ आहे, हे मला फार आवडतं.

हे काम मराठीत कधी झालंच नाही असंही नाही. लिनक्सवर वर्षानुवर्षं वापरले गेलेले लोहित फॉण्ट रेड हॅटने खुले केले, आणि त्यांच्या पुण्याच्या ऑफिसातून बरंच मराठी भाषांतर झालं. पण ते पगारी माणसांनी केलं, आणि आपण धरून चाललो की कोणीतरी करतंच आहे. केरळकडे बघा. तिथल्या सरकारी शाळा गेली कित्येक वर्षं लिनक्सवर आहेत. ‘काइट’ ही सरकारी संस्था उबुंटूवरून स्वतःची आवृत्ती बनवते आणि शाळांना देते. आपल्याकडे एमएस-सीआयटी झाली. चांगली योजना, गावोगाव पोचली. पण त्यातल्या ‘एमएस’चा अर्थ महाराष्ट्र स्टेट आहे हे दहा जणांना विचारून बघा, निम्मे तरी मायक्रोसॉफ्ट म्हणतील. कॉम्प्युटर म्हणजे विंडोज, आणि विंडोज म्हणजे वरून येणारी वस्तू, हे आपण प्रमाणपत्रासकट शिकलो.

बीटा आला की सोळा जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. भाषा मराठी निवडा. फाइलचं नाव ‘दऱ्याखोऱ्या’ ठेवा, एक फाइल ‘ॲफिडेव्हिट’ नावाने दोन्ही पद्धतींनी करा आणि शोधून बघा. ल, श आणि ऱ्य यांचे स्क्रीनशॉट काढा. लाँचपॅडवर खातं उघडायला पाच मिनिटं लागतात. तुमच्या आधी तीच तक्रार कोणी केली असेल तर नवी करू नका; ‘मलाही हा त्रास होतो’ असं बटण आहे, ते दाबा.