बदली त्यांची, बिऱ्हाड माझं

'तुमची काय बाई मजा! सगळा देश फुकटात बघायला मिळतो.' देवळाली कॅम्पातलं घर आवरत होते, तेव्हा शेजारच्या वहिनी म्हणाल्या. अगदी मनापासून म्हणाल्या. मीही 'हो ना' म्हणून हसले आणि भांड्यांच्या ट्रंकेला कुलूप लावलं.

हे तोफखान्यात नायब सुभेदार. देवळालीच्या स्कूल ऑफ आर्टिलरीत तीन वर्षं झाली आणि पठाणकोटची ऑर्डर आली. लग्नाला सोळा वर्षं झाली, हे माझं सातवं बिऱ्हाड. यांचं पोस्टिंग फील्डला असलं की मी मुलांना घेऊन निफाडला सासरी. फॅमिली नेता येईल अशी जागा मिळाली की पुन्हा संसार उचलायचा. सामान ट्रकने पुढे गेलं. काळ्या ट्रंकांवर पांढऱ्या रंगात यांचा नंबर, हुद्दा आणि नाव. आत माझी भांडी, माझी पुस्तकं. माझं नाव मात्र एकाही ट्रंकेवर नाही.

आम्ही चौघं गाडीने निघालो. मागे कांद्याची गोणी, काळ्या मसाल्याचा डबा, मनुके आणि पायाशी तुळशीची कुंडी. पठाणकोट सुमारे साडेसतराशे किलोमीटर. महामार्गाचे नंबर बदलले तरी नाशिककरांच्या तोंडी तो आग्रा रोडच. चांदवडला रेणुकामातेला हात जोडले. मालेगाव, धुळे, शिरपूर मागे पडलं. बिजासनीचा घाट चढलो आणि पाट्यांवरचं मराठी संपलं. खलघाटला नर्मदा ओलांडली तेव्हा मुलाने खिडकीतून नाणं टाकलं. माझ्या मांडीवर प्लास्टिकची फाइल होती. मुलांचे शाळेचे दाखले, आधार कार्डं, लसीकरणाचे कागद. सगळ्यात तळाशी माझी बी.एड.ची पदवी आणि चार शाळांचे अनुभवाचे चार दाखले. त्यातला सगळ्यात मोठा अनुभव दोन वर्षं आठ महिने.

मी मराठी शिकवते. नाशिकच्या एका शाळेत वार्षिक परीक्षेचे पेपर तपासून दिले आणि त्याच दिवशी राजीनामा दिला. पठाणकोटला मराठीची बाई कोणाला हवी आहे?

पहिला मुक्काम महूला, यांच्या जुन्या सोबत्याकडे. सकाळी मुलांना घेऊन बाबासाहेबांच्या जन्मस्थानाच्या स्मारकात गेलो. २००३ मध्ये महूचं नाव डॉ. आंबेडकर नगर झालं. नववीतल्या लेकीने विचारलं, 'आई, बाबासाहेबांचं गाव तर आंबडवे, रत्नागिरीतलं. मग जन्म इथे कसा?' म्हटलं, 'त्यांचे वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिकवायचे. त्यांची नोकरी इथे होती.' ती पटकन म्हणाली, 'म्हणजे आपल्यासारखंच!'

मी तिथेच थबकले. कोकणातल्या गावापासून इतक्या लांब, १८९१ साली, चौदाव्या बाळंतपणाला टेकलेली भीमाबाई. तिचं माहेरही फौजीच. रामजींचा हुद्दा आपल्याला पाठ आहे. भीमाबाईने किती वेळा चूल मांडली आणि किती वेळा मोडली, हे कोणी मोजलं असेल का?

पुढे शिवपुरी, ग्वाल्हेर, चंबळ, आग्रा, मग दिल्ली, पानिपत, अंबाला. चौथ्या दिवशी दुपारी पठाणकोटला पोहोचलो. हे युनिटमध्ये हजर झाले. त्यांचा हुद्दा, त्यांचा पगार, त्यांची सर्व्हिस जिथे होती तिथून पुढे सुरू. मुलांना केंद्रीय विद्यालयात घेतलं, तेच पुस्तक, तोच अभ्यासक्रम. बदलीच्या नोकरीवाल्यांच्या मुलांची आबाळ होते हे सरकारला फार पूर्वी कळलं होतं. म्हणून तर १९६३ मध्ये पलटणींच्या शाळा हाती घेऊन ही विद्यालयं सुरू झाली. त्याबद्दल आम्ही आया कायम ऋणी आहोत.

पण आईचं काय? नवरा-बायको दोघंही सरकारी नोकरीत असतील तर शक्यतो एका गावी नेमणूक द्यावी, असं धोरण आहे. खासगी शाळेत, दवाखान्यात, बँकेच्या कंत्राटावर काम करणारी बायको त्यात बसतच नाही. आर्मी पब्लिक स्कूल आम्हाला संधी देतात, हे खरं. पण जागा मोजक्या आणि अर्ज करणाऱ्या बायका ढीगभर. बाहेर मुलाखतीला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, 'मिस्टर मिलिटरीत? मग तुम्ही किती दिवस टिकणार?' फौजीची बायको म्हणून आदर आणि फौजीची बायको म्हणूनच नकार!

मला वाटतं, मागणं फार मोठं नाही. बदलीमुळे नोकरी सुटली, तर आधीची वर्षं नव्या ठिकाणी पगार ठरवताना धरावीत. राज्य बदललं की शिक्षिकेला, नर्सला कागदपत्रांसाठी पुन्हा पहिल्यापासून पळावं लागू नये. मूव्हमेंट ऑर्डरची प्रत पाहून हे सहज करता येईल. आणि घरातही थोडं बदलायला हवं. आता लेक माझ्या शेजारी बसून माझा बायोडाटा टाइप करते, आणि हे तो वाचून म्हणतात, 'एवढं केलंस? मला माहीतच नव्हतं.' चूक त्यांची एकट्याची नाही. मीही कधी सांगितलं नव्हतं.

इंग्रजांच्या काळी मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत सैनिक देवळालीला महिनोन् महिने पडून असत. त्या कंटाळ्यातून इंग्रजीत वेडसरपणासाठी 'डूलॅली' हा शब्द आला, तो आपल्या देवळालीवरूनच. सैनिकांच्या वाट बघण्याला शब्दकोशात जागा मिळाली. त्यांच्या बायका क्वार्टरची, अ‍ॅडमिशनची, नोकरीची वाट बघतात, त्याला अजून शब्द नाही.

तुळस प्रवासात सुकली होती. कुंडीत थोडी इथली माती घातली, आता तिला दोन पानं फुटली आहेत. परवा एका शाळेत हिंदीच्या जागेसाठी अर्ज दिलाय. तुमच्या शाळेत, ऑफिसात अशी तुकड्या-तुकड्यांचा अनुभव घेऊन कोणी आली, तर 'किती दिवस टिकाल' असं नका विचारू. 'काय काय येतं' ते विचारा. ती सात गावांचं सांगेल.