‘टू’ आणि ‘बाय’ : दोन लहान शब्दांचा हिशेब

खतावणीच्या डाव्या बाजूस ‘टू’ आणि उजव्या बाजूस ‘बाय’ लिहिण्याची जुनी इंग्रजी पद्धत व्यापारी कुटुंबांना परिचित आहे. तेथे हे शब्द केवळ नावे आणि जमा या बाजू दर्शवितात. परंतु तेच शब्द पत्रात अथवा करारात क्रियापदाच्या पाठोपाठ आले, की रक्कमच बदलते.

समजा, एका कापड व्यापाऱ्यास कंपनीकडून विक्रीवर ८ टक्के कमिशन मिळते. कंपनीचे इंग्रजी पत्र येते आणि त्यात कमिशन ‘रिड्यूस’ केल्याचे लिहिलेले असते. पुढे ‘बाय २’ असेल, तर कमिशन २ टक्क्यांनी घटून ६ टक्के राहिले. ‘टू २’ असेल, तर ते २ टक्क्यांवरच आले. दहा लाखांच्या विक्रीवर पहिल्या अर्थाने ६०,००० रुपये मिळतील, दुसऱ्याने २०,०००. चाळीस हजारांचे अंतर त्या एका शब्दात दडलेले आहे.

उधारीच्या मुदतीचेही तसेच. मूळ मुदत ४५ दिवसांची असताना ती ‘एक्स्टेंड टू ६०’ केली, तर एकूण ६० दिवस मिळाले. ‘एक्स्टेंड बाय ६०’ केली, तर १०५ दिवस. देणेकऱ्याने एक वाचावे आणि घेणेकऱ्याने दुसरे समजावे, येथेच वर्षानुवर्षांच्या संबंधांत वितुष्टाचे बीज पडते.

मराठी माणसाची येथे गफलत का होते? मराठीत बदलाचे माप आणि बदलाचा शेवट नामाच्या प्रत्ययातून कळतो. ‘भाव ५० रुपयांनी उतरला’ आणि ‘भाव ५० रुपयांवर उतरला’ यांत कोणाचाही गोंधळ होत नाही. इंग्रजीत हे काम नामाआधीचा स्वतंत्र शब्द करतो, आणि घाईत वाचताना तो नजरेतून निसटतो. म्हणून खूण एवढीच ठेवावी : ‘बाय’ म्हणजे ‘नी’, ‘टू’ म्हणजे ‘वर’ किंवा ‘पर्यंत’. रूप पालटत असेल, तर बहुधा ‘इंटू’ येते. दुधाचे दही होते, तेव्हा इंग्रजीत दूध दह्यात ‘टर्न इंटू’ होते. कर्जरोख्यांचे समभाग होतात, तेव्हा ते समभागांत ‘कन्व्हर्ट इंटू’ होतात.

‘राइट’ या साध्या क्रियापदाची कथा अधिक महत्त्वाची आहे. तीन लाखांचे येणे एक लाखाने ‘राइट डाउन’ केले, तर पुस्तकात दोन लाख उरतात. ते ‘राइट ऑफ’ केले, तर पुस्तकातील शिल्लक शून्य होते. पण येथेच पुष्कळांची फसगत होते. बँकेने कर्ज ‘राइट ऑफ’ केले म्हणजे ते माफ केले, असे नव्हे. तो बँकेच्या हिशेबातील फेरफार आहे. कर्जदाराची जबाबदारी कायम राहते आणि वसुलीही चालू राहू शकते. माफीसाठी ‘वेव्ह’ हे निराळे क्रियापद आहे. या भ्रमात निश्चिंत बसलेल्या कर्जदारास पुढे वसुलीची नोटीस आली, तर दोष भाषेला देऊन सुटका होत नाही.

‘टू’ची आणखी एक लबाडी आहे. ‘टू पे’मध्ये तो ‘देणे’ या क्रियापदाच्या मूळ रूपाची खूण असतो. मात्र ‘लुक फॉरवर्ड टू’मध्ये तो दिशा दाखवतो, म्हणून त्यापुढे ‘मीट’ नव्हे, ‘मीटिंग’ येते. व्यापारी पत्रांच्या शेवटी ही चूक वारंवार आढळते. तिच्याने पैसा जात नाही, परंतु पत्राची पत थोडी उतरते.

व्यवहारात उपाय सोपा आहे. बदल कळवताना आधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही आकडे लिहावेत : ‘फ्रॉम ८ टक्के टू ६ टक्के’. पत्र आले असेल, तर त्याचा अर्थ आकड्यांसह उलट टपाली अथवा ई-मेलने कळवून लेखी होकार घ्यावा आणि मगच सही करावी. रोकड मोजून घेणाऱ्या पेढीने शब्दही मोजून घ्यावेत.