बेल कर्व्हची ही सुलतानी मोडा!

पुण्यातल्या खराडीच्या ईऑन आयटी पार्कपासून वर्ल्ड ट्रेड सेंटरपर्यंत काचेच्या इमारतींत दरवर्षी अप्रेझलच्या नावाखाली उघड अन्याय चालतो, आणि सुशिक्षित माणसे तो खाली मान घालून सोसतात. वर्षभर रात्री-अपरात्रीचे कॉल घेतलेल्याला मॅनेजर सांगतो, ‘काम उत्तम आहे, पण कर्व्हमध्ये बसवावे लागले.’ म्हणजे ठरावीक टक्के लोकांना कमी रेटिंग द्यायचेच, मग काम कसेही असो. कोणी बसवले? कोणत्या मापाने? उत्तर नाही! चोरालाही आरोपपत्र मिळते. इथे पगारवाढ बुडते, पीआयपी, म्हणजे कामगिरी सुधारण्याची मुदतबंद तंबी, लागते, राजीनामा लिहून घेतला जातो, आणि गुन्हा काय तो शेवटपर्यंत कळत नाही.

दरवर्षी तळाचे दहा टक्के लोक काढा, हा जनरल इलेक्ट्रिकच्या जॅक वेल्चचा खाक्या. मायक्रोसॉफ्टने अशीच सक्तीची उतरंड चालवली आणि २०१३च्या नोव्हेंबरात स्वतःच गुंडाळली. आम्ही मात्र ते उष्टे अजून चाटतो आहोत! मुलाखतींच्या चार चाळण्यांतून पारखून घेतलेल्या दहा जणांत एक नालायक निघालाच पाहिजे, हे कुठले गणित? हजारोंच्या समूहात बेल कर्व्हचा घंटेचा आकार उमटेलही. दहा माणसांवर तो लादावाच लागतो. आणि लादला की शेजाऱ्याचा अडलेला बग सोडवणे म्हणजे स्वतःचे रेटिंग घालवणे ठरते. नव्या पोराला शिकवणारे हात आखडतात. हे नुकसान कुठल्या रकान्यात भरता?

कर्व्हसारखेच दुसरे आंधळे माप बिलिंगचे, म्हणजे क्लायंटला बिल लावता येईल अशा कामाचे. २०२५च्या जूनमध्ये टीसीएसने फर्मान काढले: वर्षाला २२५ दिवस बिलिंग हवेच, बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, ३५ दिवसांहून जास्त नाही. पुढच्याच महिन्यात सुमारे बारा हजार जणांची कपात जाहीर झाली. प्रोजेक्ट यायचा की नाही हे क्लायंट ठरवणार, कोणाला द्यायचा हे वरचे ठरवणार, आणि मोकळ्या दिवसांचा जाब खालच्याने द्यायचा? जे ज्याच्या हातात नाही त्यावर त्याला जोखणे हा निखळ जुलूम आहे.

बरे, आकडे उघड करता येत नाहीत असेही नाही. इन्फोसिस दर तिमाहीला युटिलायझेशन (किती जण कामाला लावले) आणि अॅट्रिशन (किती जण सोडून गेले) दशांशापर्यंत भागधारकांपुढे मांडते. भागधारकाला दशांश, आणि राबणाऱ्याला बंद पाकीट!

आमची मागणी स्पष्ट आहे. मोजमाप वर्षाच्या सुरुवातीला टीमसोबत बसून, लेखी ठरवा. बिलाचे तास मोजण्याऐवजी दिलेले सॉफ्टवेअर किती वेळा कोसळले, तीच चूक पुन्हा आली का, हाताखालचे किती जण तयार झाले, ते मोजा. टीमने मॅनेजरलाही रेटिंग द्यावे. प्रत्येक विभागात कोणते रेटिंग किती जणांना मिळाले, हे सर्वांपुढे लावा; कमी रेटिंगचे कारण लेखी द्या; त्या मॅनेजरच्या साखळीबाहेर दाद मागण्याची सोय ठेवा. आणि सक्तीचे राजीनामे स्वेच्छेचे म्हणून नोंदले जात असताना कामगार खात्याने कचेरीत तक्रारींची वाट पाहत बसू नये. खराडीत यावे, एचआरची दप्तरे उघडायला लावावीत!