किनाऱ्यावरची जमीन आणि नियमांची भरती-ओहोटी

सिंधुदुर्गाला १९९७ मध्ये पर्यटन जिल्ह्याचा दर्जा मिळाला आणि मालवणच्या किनाऱ्यावरील जमिनीकडे पाहण्याची दृष्टीच पालटली. तोपर्यंत माडाच्या उत्पन्नावर मोल ठरणाऱ्या तारकर्ली, देवबाग, वायरी येथील जागांना मुंबई-पुण्याचे गिऱ्हाईक येऊ लागले. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला, २०२३ मध्ये गोव्यातील मोपा येथूनही उड्डाणे सुरू झाली. जमिनीच्या अपेक्षा चढत गेल्या. मात्र जमिनीला मिळणारा भाव आणि त्या जमिनीवर कायद्याने करता येणारे काम यांत मोठी तफावत आहे. ती तफावत कोण सोसू शकतो, यावरच येथील जमीन शेवटी कोणाच्या हाती राहणार हे ठरते.

किनारपट्टी नियमन क्षेत्राची, म्हणजे ‘सीआरझेड’ची, पहिली अधिसूचना फेब्रुवारी १९९१ मध्ये निघाली. तिच्या जागी २०११ मध्ये दुसरी व जानेवारी २०१९ मध्ये तिसरी आली. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत ‘ना विकास क्षेत्र’ हे सूत्र पहिल्यापासून होते. २०१९ मध्ये हे अंतर ५० मीटरवर आणण्यात आले. पण ही सवलत २०११ च्या जनगणनेनुसार लोकवस्तीची घनता दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा अधिक असलेल्या भागांनाच आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्याची घनता त्या जनगणनेत अवघी १६३ होती. किनाऱ्यावरची गावे जिल्ह्याच्या सरासरीहून दाट असली तरी हा उंबरठा त्यांच्यासाठी फारच उंच आहे. ज्या सवलतीचा एवढा गाजावाजा झाला, ती विरळ वस्तीच्या कोकणाला जवळपास लागूच पडत नाही.

देवबागचे उदाहरण बोलके आहे. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. समुद्राकडून २०० मीटर आणि खाडीकडून आणखी काही अंतर सोडले, तर अनेक ठिकाणी बांधकामासाठी जागाच उरत नाही. अशा क्षेत्रात मच्छीमार समाजाच्या घरांबाबत काही सवलती आहेत, अस्तित्वातील अधिकृत घराची दुरुस्ती व पुनर्बांधणीही करता येते. अडचण ‘अधिकृत’ या शब्दात आहे. पिढ्यानपिढ्या उभ्या असलेल्या घरांच्या मालकांकडे बहुधा घरपट्टीची पावती आणि ग्रामपंचायतीचा उतारा एवढाच पुरावा असतो. तो कर आकारणीचा दाखला आहे, बांधकाम परवाना नव्हे.

निवास-न्याहारीच्या व्यवसायाने या गावांतील असंख्य कुटुंबांना आधार दिला. मासेमारी बेभरवशाची झाली तेव्हा घरातील दोन खोल्या पर्यटकांना देऊन मुलांची शिक्षणे झाली. २०१९ च्या अधिसूचनेने स्थानिकांच्या घरगुती निवासव्यवस्थेला मान्यता दिली आहे, पण घराचा जोता, रचना व दर्शनी भाग न बदलता. म्हणजे आहे त्या खोल्या भाड्याने द्याव्यात. मागणी वाढली म्हणून मागील दारी दोन खोल्या वाढवल्या, की कुटुंब कायद्याच्या कचाट्यात सापडते.

आता दुसरी बाजू पाहावी. २०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यात पर्यटन निवास उभारण्यास पूर्वपरवानगीने वाव आहे. मात्र त्यासाठी भूखंड किमान ०.४ हेक्टर, म्हणजे ४० गुंठ्यांचा हवा आणि चटई क्षेत्र ०.३३ च्या आत हवे. किनाऱ्याच्या रक्षणासाठी या अटी योग्यच आहेत. पण पाच-दहा गुंठ्यांचा मालक त्यामुळे स्पर्धेतून आधीच बाद होतो. शेजारच्या चार जागा विकत घेऊन एकर जुळवणारा, सल्लागार नेमणारा आणि परवानगीसाठी काही वर्षे थांबू शकणारा गुंतवणूकदारच तेथे टिकतो.

महसुली कायद्यांचा परिणामही असाच विषम आहे. १९४८ च्या कूळ कायद्याचे कलम ६३ शेतकरी नसलेल्यास शेतजमीन घेण्यापासून रोखते. कुळांना मिळालेल्या जमिनींच्या विक्रीवर कलम ४३ चे बंधन होते. २०१४ च्या दुरुस्तीने दहा वर्षांनंतर आकारणीच्या चाळीसपट रक्कम भरून ते सैल केले. विक्रीचा मार्ग सोपा झाला. राखून वापरण्याचा मात्र तितकाच खडतर राहिला. गावठाणापासून २०० मीटरच्या आतील जमिनीला अकृषिक वापराची सवलत २०१७ मध्ये आली, परंतु वाड्यावाड्यांत विखुरलेल्या कोकणी गावात मुळात गावठाणच नाममात्र असते. शिवाय सातबारावर पंधरा-वीस सहहिस्सेदार, त्यांतील निम्मे मुंबईत. सर्वांच्या संमतीविना बँक कर्ज देत नाही.

बाहेरच्या गुंतवणूकदारानेही निर्धास्त राहू नये. केरळमधील मरडू येथील चार इमारत प्रकल्प सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने जानेवारी २०२० मध्ये जमीनदोस्त झाले. ग्रामपंचायतीची परवानगी होती, सदनिका विकल्या गेल्या होत्या, तरीही सीआरझेडच्या उल्लंघनापुढे ते टिकले नाही. कागद हाती असणे आणि कागद योग्य अधिकाऱ्याचा असणे, यांतील फरक तेथे शेकडो कुटुंबांना बेघर होऊन कळला.

यावरचा उपाय नियम गुंडाळून ठेवण्यात नाही. देवबागसारख्या गावाला समुद्राचे आक्रमण ठाऊक आहे. उद्या वाळूची पट्टीच खचली तर भाव आणि परवाने दोन्ही निरर्थक ठरतील. गरज आहे ती भरतीरेषा जमिनीवर दिसेल अशी आखण्याची, सीआरझेडची नोंद सातबारावर आणण्याची आणि १९९१ पूर्वीच्या घरांची गावनिहाय पडताळणी करून त्यांना दाखले देण्याची. स्थानिकाच्या दोन खोल्या आणि बाहेरच्याचा पन्नास खोल्यांचा प्रकल्प एकाच तराजूत तोलले गेले, तर पारडे कोणाकडे झुकेल हे सांगण्यास ज्योतिषी नको. किनारा वाचवण्यासाठी केलेल्या नियमांनी किनाऱ्यावरचा माणूसच जमीन विकून निघून गेला, तर ते नियमांचे यश म्हणता येणार नाही.